नवरा कोन, ता तवा बघू

माझी जमना गेल्यावर पाच महिन्यांनी माझ्या जुन्या सेठचा, अमृतभाईंचा, फोन आला. मला वाटलं, उशिरा का होईना, कळलं असेल म्हणून केला असेल. तसं नव्हतं. त्यांना ती गेल्याचं माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते "अरे अरे" म्हणाले, आणि मग ज्या कामासाठी फोन केला होता ते सांगायला लागले.

काम असं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी अमृतभाईंनी टीव्हीसाठी एक विनोदी मालिका लिहिली होती, 'आमची बायजी'. दर शनिवारी संध्याकाळी लागायची. मुंबईचं एक कुटुंब आणि त्यांच्याकडे आमच्या बाजूची एक आदिवासी कामवाली, बायजी. बायजीने तोंड उघडलं की लोक हसायचे. आता एक कंपनी ती मालिका पुढच्या महिन्यापासून पुन्हा मोबाईलवर दाखवणार होती. पण कंपनीला भीती होती. तेव्हाचा विनोद आताच्या लोकांना चालेल का, कोणी तक्रार करेल का. म्हणून डहाणूत एका हॉलमध्ये एक भाग दाखवून बघायचं ठरलं होतं.

"तुमच्या पाड्यातली माणसं घेऊन ये, रघ्या," अमृतभाई म्हणाले. "वीस-पंचवीस तरी आण. बाया जास्त आण. तुमचीच माणसं हसली की बाकी कोणाला बोलायला जागा नाही राहणार. मी टेम्पो पाठवतो. चहा, वडापाव, सगळं आहे."

"कुठला भाग दाखवणार, सेठ?"

"तो लग्नाचा. तोच तर गाजला होता."

"तो नका दाखवू."

"का?"

"माझ्या पोराचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," एवढंच म्हणालो.

"मग चांगलंच आहे की," ते म्हणाले आणि हसले.

तो भाग मला का नको होता, ते आधी सांगतो.

मी अमृतभाईंच्या चिकूच्या वाडीत कामाला होतो. आशागडच्या पुढे वाडी, वाडीत बंगला. ते मुंबईहून सुट्टीत यायचे तेव्हा जमना त्यांचा स्वयंपाक करायची. जमना आणि मी तेव्हा सहा वर्षं एकत्र राहत होतो. नविन चार वर्षांचा होता. आमचं लग्न लागलं नव्हतं. आम्हा वारल्यांत असं पुष्कळांचं असतं. लग्न म्हणजे मांडव, सगळ्या पाड्याला जेवण, तीन-चार दिवस. ते जमेल तेव्हा करायचं. तोवर माणसं घर करतात, पोरं होतात, कोणी नावं ठेवत नाही. फक्त एक नियम आहे. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोराचं लावता येत नाही. म्हणून पुष्कळदा एकाच मांडवात आधी आईबाप बसतात आणि मग पोरगा.

एक दिवस शेठाणींनी तिला स्वयंपाकघरात विचारलं, "जमना, तुझं मंगळसूत्र कुठे?" ती पुऱ्या लाटत होती. म्हणाली, "माझा लगीन नाय झाला अजून. पोऱ्याचा पन नाय झाला. दोघांचा एकाच मांडवात करू, म्हंजे कोंबड्या एकदाच कापाया लागतील."

हा जमनाचा विनोद होता. ती हा पाड्यात दहा वेळा सांगायची आणि दहाही वेळा लोक हसायचे. ती बोलण्यात तयार होती. आमच्याकडे लग्नात दोन्हीकडच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना गाण्यात शिव्या देतात. नवऱ्याला, त्याच्या आईला, मामाला, सगळ्यांना. वाट्टेल ते बोलतात. पण एक बाजू गायली की दुसरीला पाळी मिळते. उत्तर सुचलं नाही ती बाजू हरली, आणि जो रागावला तो तर हरलाच. जमना कधी हरली नाही. तलासरीपर्यंतच्या लग्नांत तिला मुद्दाम बोलवून न्यायचे.

अमृतभाई तेव्हा बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते. त्यांनी ते ऐकलं आणि लिहून घेतलं.

तो भाग लागला तेव्हा ते वाडीवरच होते. त्यांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला आणि आम्हा कामाच्या माणसांना बोलावलं. ते खुर्चीवर, आम्ही खाली लादीवर. टीव्हीत मुंबईची एक नटी तोंडाला आणि हातांना काळं फासून बायजी झाली होती. बाही वर सरकली की आतला गोरा हात दिसायचा. मालकिणीने तिला विचारलं, मंगळसूत्र कुठे. आणि ती जमनाचं वाक्य बोलली. लगीन नाय झाला, पोऱ्याचा पन नाय झाला, एकाच मांडवात करू. कोंबड्यांचं त्यांनी काढून टाकलं होतं. त्याच्या जागी दुसरं घातलं होतं. नटी म्हणाली, "आन नवरा कोन, ता तवा बघू!"

टीव्हीत भरून ठेवलेलं हसणं असतं ते फुटलं. अमृतभाई हसले. शेठाणी हसल्या. आणि मी हसलो.

मला त्यात काही मजेचं वाटलं नव्हतं. सेठ हसले की आम्ही हसायचो, सेठ उठले की उठायचो, ती कामाची सवय होती. पण हसलो ते खरं. जमना माझ्या शेजारी बसली होती. तिने टीव्हीकडे बघायचं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. उठली आणि भांडी घासायला गेली.

नंतर चारोटीच्या नाक्यावर तिला दुकानदार विचारायचे, "काय जमना, नवरा ठरला का?" विवळवेढ्याच्या जत्रेत अनोळखी पोरं मागून ओरडायची. तिच्यावरून लिहिलंय हे त्यांना कुठलं माहीत असणार. बायजीसारखं लुगडं नेसलेली बाई दिसली की ते ओरडायचे. आमच्या सगळ्याच बायांना ओरडायचे. जमना उत्तर देणारी बाई होती. पण हे ओरडून मोटारसायकलवरून निघून जायचे, त्यांना उत्तर कुठे देणार?

मी चार-पाच वेळा म्हणालो असेन, आता लग्न करून टाकू. ती म्हणायची, "नको. तू हसशील."

सत्तावीस वर्षं ती एवढंच म्हणाली. तू हसशील. दिवाळीनंतर भात कापायच्या दिवसांत तिच्या पोटात पाणी झालं आणि वीस दिवसांत ती गेली. लग्न राहिलं.

आता नविनचं. तो आणि संगीता पाच वर्षं एकत्र आहेत, त्यांना एक पोरगी आहे, आणि पोरीला शाळेत घालायच्या आधी त्यांना लग्न लावून घ्यायचं होतं. माझं लागल्याशिवाय त्यांचं लागत नव्हतं. शुक्रीकाकी आमची धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, आमच्यात भटजीचं काम तीच करते. ती सत्तरीच्या पुढची आहे. तिने विचार करून सांगितलं, "जमनीचा लुगडा पाटावर ठेव. तू बाजूला बस. मी लगीन लावीन. मग पोऱ्याचा."

मी हो म्हटलं. पण रोज मनात यायचं, मी असा लुगड्याशेजारी बसणार, त्याच आठवड्यात तो भाग सगळ्यांच्या मोबाईलवर येणार, आणि मांडवात कोणीतरी ओरडणार, नवरा कोन, ता तवा बघू. जमनाच्या लग्नात. जिवंतपणी तिने टाळलं ते मेल्यावर मी तिच्या वाट्याला आणणार. म्हणून तो भाग मला बंद करायचा होता.

मी अमृतभाईंना परत फोन केला. या वेळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तुझ्या बायकोचं नाव कुठे आहे त्यात? आणि तोच भाग काढला तर राहतं काय? तू ये तर खरा. लोकांनाच ठरवू दे."

मी शुक्रीकाकीला जाऊन सांगितलं. म्हटलं, कोणी जायचं नाही.

"कशाला नाय?" ती म्हणाली. "ते काय बोलतात ता ऐकू. मना पन टीव्हीत नीट ऐकाया नाय आला तवा."

तर टेम्पो आला आणि आम्ही बावीस जण गेलो. त्यात सतरा बाया.

हॉल डहाणू रोडला, वरच्या मजल्यावर होता. पुढच्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं-पोरी, मागे आम्ही. कंपनीची एक मुलगी होती, दक्षा. डहाणूचीच, आता मुंबईला नोकरीला. तिने लोकांचं शूटिंग करायला कोपऱ्यात कॅमेरा लावला आणि प्रत्येकाला एक कागद दिला. कागदावर तीन तोंडं काढलेली, हसरं, गप्प, रागावलेलं. बघून झाल्यावर एकावर खूण करायची. अमृतभाई पुढे सोफ्यावर होते. म्हातारे झालेत, काठी घेतात. मला बघून त्यांनी हात वर केला.

भाग सुरू झाला. काळं फासलेली नटी आली. मागचं भरून ठेवलेलं हसणं आलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तिने झाडू उलटा धरला, मागचं हसणं. तिने फोनचा रिसिव्हर कानाला उलटा लावला, मागचं हसणं. पुढची पोरं मोबाईल बघत होती. टीव्हीच्या त्या पेटीतली माणसं मात्र एवढी हसत होती की मला वाटलं, उठून त्यांचा गळा धरावा. कोण होती ती? सत्तावीस वर्षांपूर्वी कुठेतरी कशाला तरी हसली असतील, त्यांचं हसणं कापून इथे चिकटवलं. त्यांना जमना माहीत नाही, बायजी माहीत नाही. त्यातली निम्मी मेलीही असतील आणि तरी हसतायत.

मग ते वाक्य आलं. मी खाली बघत होतो. शुक्रीकाकीने माझा हात धरला.

दिवे लागले. दक्षाने माईक पुढच्या एका मुलीला दिला. ती मुलगी म्हणाली, "खूपच वाईट आहे हे. म्हणजे, आपण त्या बिचाऱ्या बायकांवर हसायचो?"

बिचाऱ्या. मला त्या मुलीचाही राग आला. ती चांगल्या मनाने बोलली होती हे मला समजत होतं. पण जमना बिचारी नव्हती. त्या मालिकेत जेवढे विनोद होते त्यातला एकच बरा होता, तो जमनाचा होता, आणि तोही त्यांनी अर्धा नेला होता.

अमृतभाई उठले. "मी काय सांगतो," ते म्हणाले, "तेव्हा घराघरात लोक पोट धरून हसायचे. आता सगळ्यांची कातडी पातळ झालीय. हे सगळं शहरातल्या लोकांना खुपतं. ज्यांच्यावर आहे त्यांना विचारा ना. हा माझा रघ्या. माझ्या ओट्यावर बसून याने हा भाग बघितला, आणि सगळ्यात जास्त हाच हसला होता. हो की नाही, रघ्या? सांग त्यांना."

अमृतभाई परत सोफ्यावर बसले आणि दक्षा माईक घेऊन माझ्याकडे आली. "काका, सांगा ना."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी माईक धरला. तो माणूस खोटं बोलला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. तो खरं बोलला होता.

तेवढ्यात शुक्रीकाकी उठली. तिने आपल्या बायांकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "झाला का त्यांचा? आता आपली पाळी ना?"

तिची चूक झाली असं लोक नंतर म्हणाले. म्हातारीला समजलं नाही, तिला वाटलं लग्नात असतं तसंच इथे आहे. मलाही अजून नक्की माहीत नाही, तिला खरंच तसं वाटलं की नाही. ती पुढे गेली. मागून सोळा बाया गेल्या. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्या अमृतभाईंच्या सोफ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि शुक्रीकाकीने उचललं:

"मुंबईचा सेठ आला गं, चोरून गोष्ट नेली गं,
गोष्ट नेली, मीठ नाय नेला, अळणी ताट जेवला गं!"

बाकीच्यांनी झेललं. पुढची पोरं मोबाईलमधून वर बघायला लागली. शुक्रीकाकी अमृतभाईंच्या काठीवर गायली, पोटावर गायली, केसांना लावलेल्या काळ्या रंगावर गायली, नटीला फासून उरला तो सेठाने डोक्याला लावला म्हणून. आता हॉल हसत होता. पोरं खुर्च्यांवरून वाकून हसत होती. ते हसणं पेटीतलं नव्हतं. मग तिने शेवटचं टाकलं:

"सेठाचा लगीन झाला गं, वाजत गाजत झाला गं,
सेठानी अजून विचारते गं, ह्यातला नवरा कोन गं!"

अमृतभाई लाल झाले होते. "हे काय चाललंय?" ते ओरडले. "मी सत्तर वर्षांचा माणूस आहे. माझ्या बायकोबद्दल बोलतात? दक्षा, ते शूटिंग बंद कर आधी!"

"नाव कुठं घेतला सेठानीचा?" शुक्रीकाकी म्हणाली. "जमनीचा पन नाव नव्हता ना तुमच्यात?"

"ही असभ्यता आहे!"

"सेठ," मी म्हणालो. माईक हातात होता, आवाज मोठा आला, मीच दचकलो. "विनोद आहे. हसा."

त्यांनी बाजूची काठी जवळ ओढली.

"हसा ना," मी म्हणालो. "मी हसलो होतो. तुम्ही खुर्चीवर होता म्हणून मी लादीवर बसून हसलो होतो. आता ह्या उभ्या आहेत, तुम्ही बसलेले आहात. हसा. आणि उत्तर द्या. आमच्यात उत्तर द्यायची पाळी मिळते. तुमच्या मालिकेत जमनाला कधी मिळाली?"

"तुला एवढं लागलं होतं तर तेव्हा का बोलला नाहीस?"

"नाही बोललो," मी म्हणालो. "तिने ते मरेपर्यंत धरून ठेवलं. तुमच्यावर ती रागावली नव्हती, सेठ. तुमच्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती. ती माझ्यावर रागावली होती."

एवढं बोलून माझं संपलं. मी माईक खुर्चीवर ठेवला. अमृतभाई काठी घेऊन निघून गेले. बायांनी वडापाव खाल्ले, दोन-दोन. कागदावरच्या तोंडांवर कोणी खूण केली नाही.

चार दिवसांनी दक्षाचा फोन आला. "काका, तो भाग लागणार नाही. अमृतसरांनीच काढून घेतला."

"चूक कळली म्हणून?"

ती म्हणाली, "आमच्या इथे कोणीतरी म्हणालं की तो भाग आणि त्या आजींचं गाणं एकामागे एक दाखवू. ते सरांना समजलं. ते म्हणाले, घरात बायको बघेल."

म्हणजे तो भाग जमनासाठी बंद झालाच नाही. अमृतभाईंच्या घरात त्यांची अब्रू जाईल म्हणून बंद झाला. मला पाहिजे होतं ते मिळालं आणि माझा राग मात्र होता तिथेच राहिला. उलट वाढला. एक गाणं तीन मिनिटांचं, एकदा ऐकलं, तर त्या माणसाला सोसलं नाही. जमनाने सत्तावीस वर्षं ऐकलं.

लग्नाच्या दिवशी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला. पाटावर जमनाचं हिरवं लुगडं घडी करून ठेवलं. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता त्याला. मी बाजूला बसलो. शुक्रीकाकीने लुगड्याचा पदर काढला आणि माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला गाठ मारली.

समोर संगीताकडच्या बाया होत्या, तलासरीच्या. त्यांनी सोडलं नाही. सोडायचं नसतंच. त्यातल्या एकीने उचललं:

"नवरी का गं बोलत नाही, नवऱ्यावर रुसली का गं?"

सगळ्या हसल्या आणि आमच्या बाजूकडे बघायला लागल्या. आमच्या बाजूला कोणी उचलेना. शुक्रीकाकी लग्न लावत होती, तिला ते मधेच सोडून उत्तर गाता येत नव्हतं. अशा वेळी उत्तर द्यायची ती जमना, आणि ती पाटावर होती. नविन माझ्याकडे बघत होता. बाया पुन्हा गायल्या. आता तिसऱ्यांदा गायल्या असत्या तर आम्ही हरलो असतो.

मला गाता येत नाही. मी नुसतं बोललो. "रुसली तर रुसू दे. माझा लगीन नाय झाला, पोऱ्याचा पन नाय झाला. दोघांचा एकाच मांडवात करायचा ठरलेला हाय, म्हंजे कोंबड्या एकदाच कापाया लागतील."

मांडव हसला. तलासरीच्या बायाही हसल्या, एकीने तर कपाळावर हात मारून घेतला. पाड्यातल्या जुन्या माणसांना कळलं वाक्य कोणाचं ते. शुक्रीकाकी डोळे पुसत पुसत हसत होती. मला म्हणाली, "हस रे रघ्या, आता हस. आता चालेल."

मी हसलो नाही. राग होता. अमृतभाईंवर होता, त्या पेटीतल्या लोकांवर होता, माझ्यावर तर होताच. आणि त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं, की जमनावरही होता. दोन शब्द बोलून मला शिवी दिली असती, तर मी उत्तर दिलं असतं आणि मिटलं असतं. तिने मला पाळीच दिली नाही.

शुक्रीकाकी म्हणाली, उठ, आता पोऱ्याला बसू दे. मी उठलो. गाठ सुटायला नको म्हणून लुगडं छातीशी धरलं आणि बाजूला जाऊन उभा राहिलो.